गिरणीचा पट्टा आणि खरवईचा स्लॅब

पप्पा म्हणाले, "उद्या मिक्सर घ्यायला जातोय," तेव्हा आईला वाटलं, स्वयंपाकघरातला. आमच्या घरचा मिक्सर चटणी वाटताना जळका वास सोडायचा आणि त्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरावं लागायचं. त्यामुळे आईने खुशीत ओट्याचा कोपरा घासूनपुसून मोकळा केला, वर जुन्या साडीचा तुकडाही अंथरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचाकी टेम्पोच्या मागे दोरखंडाने बांधलेलं, दोन चाकांवर डुलणारं, गंजलेलं, म्हशीएवढं यंत्र आमच्या गल्लीत शिरलं. टेम्पोत मागे बसून मी दोरखंड धरला होता आणि पप्पा यंत्रासोबत चालत येत होते. आई दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याला ओट्यावर चढवणार कोण?"

मला इतकं हसू फुटलं की दोरखंड हातातून सुटला आणि टेम्पोवाला वैतागला.

ही गोष्ट दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या चारपाच वर्षांतली. आम्ही अंबरनाथ पूर्वेला चाळीत राहायचो. पप्पा एका कारखान्यात फिटर होते. सव्वीस वर्षं नोकरी झाल्यावर कारखाना बंद पडला आणि पप्पा घरी बसले. आधीच कमी बोलणारा माणूस, आता तर दिवसाला दहा वाक्यंसुद्धा बोलेना. चाळीतले सगळे पंखे, शिलाई मशिनी आणि सायकली दुरुस्त करून झाल्यावर त्यांच्या हाताला काही काम उरलं नाही. मी बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. इंटरव्ह्यूला जायचे, 'कळवतो' ऐकून परत यायचे. घरात आम्ही दोघं रिकामे, आणि एकट्या आईला काम.

तेव्हा बदलापूरच्या बाजूला घरांची नुसती रांग लागली होती. ज्याला त्याला स्लॅब टाकायचा होता. पप्पांनी ते कुठेतरी बघितलं असणार. एक दिवस त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जुन्या मशिनींच्या एका दुकानात गेलो. दुकान कसलं, पत्र्याखाली मोटारी, पंप, ड्रिल असा सगळा पसारा होता आणि त्याच्या मधोमध खुर्चीवर एक म्हातारे सिंधी शेठ चहा पीत बसले होते. मागे सिमेंट कालवायचा तो मिक्सर. अर्ध्या पोत्याचा, म्हणजे एका वेळी सिमेंटचं अर्धं पोतं घेणारा. मोठ्या हंड्यासारखा ड्रम, त्याच्या कमरेभोवती दातेरी कडं, बाजूला रबरी पट्ट्यांनी ड्रम फिरवणारं डिझेलचं छोटं इंजिन, आणि ड्रम कलता करायला गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक.

पप्पांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला म्हणाले, "ड्रम फिरव."

मी हाताने ड्रम फिरवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. शेठनीही चहाचा कप खाली ठेवला.

"बेअरिंग चांगलं आहे," पप्पा म्हणाले. "पण दातांवर ग्रीस नाही. कोरडे ठेवलेत."

"सुकेच ठेवायचे, साईं," शेठ म्हणाले. "दाते पे ग्रीस मत लगाना. ग्रीसला रेती चिपकते. मग ग्रीस और रेती मिलके दाते खाऊन टाकतात. बेअरिंग को लगाओ, रोज लगाओ. दाते को नहीं."

पप्पांनी एका दात्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मान हलवली. घरी येताना मला म्हणाले, "सव्वीस वर्षं मी दात दिसला की ग्रीस लावत आलो. बघ." एवढंच बोलले, पण खुशीत होते हे मला चालीवरून कळलं.

मिक्सर आणला खरा, पण त्याच्या पोटात जुन्या सिमेंटचा चार बोटं जाड थर बसला होता. बाहेरून हातोडा मारायची पप्पांनी बंदी घातली होती. "ड्रमला पोचा आला की त्या पोच्यात माल अडकतो आणि तिथेच दगड होतो," असं त्यांचं म्हणणं. मग आतून छिन्नीने खरवडणं आलं. पप्पांचे खांदे ड्रमच्या तोंडात मावेनात, माझे मावत होते. आठ दिवस मी रोज सकाळी कमरेपर्यंत त्या ड्रममध्ये शिरायचे. नाकाला ओढणी, डोळ्यांवर आईचा जुना चष्मा. आत आवाज असा घुमायचा की मी साधी शिंकले तरी आभाळ कोसळल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवसापासून मी आत गाणी म्हणायला लागले. माझा आवाज जन्मात इतका चांगला लागला नव्हता. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये रेडिओ पण आहे का?"

ड्रम आतून चकचकीत झाल्यावर इंजिन सुरू करायचा दिवस आला. त्याला हँडल मारावं लागायचं. एका हाताने वरची छोटी कळ उघडी धरायची, दुसऱ्या हाताने हँडल जोरात फिरवायचं, आणि वेग आला की नेमक्या क्षणी कळ सोडायची. पप्पांनी सात-आठ वेळा केलं. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प बसायचं. मी म्हटलं, "मी बघू?" हँडल फिरवलं, मनात तीनपर्यंत मोजलं, कळ सोडली. इंजिनाने काळ्या धुराचा एक गोळा सोडला आणि धडधडायला लागलं. ड्रम गरगरायला लागला. आत पप्पांनी पाणी आणि दोन घमेली खडी टाकली होती, तिचा जो खळखळाट सुरू झाला त्याने अख्खी चाळ बाहेर आली. मी हँडल हातात धरून उभी होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. खरंच सांगते, पहिल्या नंबराने पास झाले असते तरी इतका आनंद झाला नसता.

काकू पुढे आल्या आणि पप्पांना म्हणाल्या, "भाऊ, ह्यात गोधड्या धुवून निघतील का?"

पप्पांनी गंभीरपणे विचार केला. "निघतील," ते म्हणाले, "पण परत गोधड्या राहणार नाहीत."

पहिलं काम मिळालं ते बदलापूरजवळच्या खरवईला. गावाच्या कडेला एका कुटुंबाने जुनं कौलारू घर पाडून नवं बांधायला घेतलं होतं. घरमालक काकांची थोडी शेती होती आणि ते एका कंपनीत नोकरीही करायचे. स्लॅबचं काम ज्या मुकादमाकडे होतं त्याचा नेहमीचा मिक्सरवाला दुसरीकडे अडकला होता, म्हणून आमच्यापर्यंत निरोप आला. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "मशीन चालवायला माणूस कोण?"

"मी आणि माझी मुलगी," पप्पा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे पोरगी डबा घेऊन येल तुमचा."

"नाही, डबा मी आणतो. मशीन ती चालवते."

आम्ही निघताना मुकादमाला बाजूला घेऊन काकांनी बरंच काही विचारलेलं मला दिसलं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. आदल्या दिवशीच टेम्पोला बांधून मिक्सर तिथे नेऊन ठेवला होता. पप्पांनी ड्रमला बाहेरून जुन्या ऑइलचा हात दिला होता, सिमेंट उडालं तर चिकटू नये म्हणून. बेअरिंगला ग्रीस, दाते कोरडे. सकाळी घरातून निघताना त्यांनी मला विचारलं, "जादाचे पट्टे घेतलेस?"

"घेतले," मी म्हटलं.

सात वाजता माणसं जमली. मुकादम, त्याचे पंधरा-सोळा कामगार, त्यांत निम्म्या बायका. वर सळयांची जाळी बांधून तयार होती. काकांच्या आईने ड्रमला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. आमच्यात हे करत नाहीत. पप्पा हात जोडून बाजूला शांत उभे राहिले, आणि आजींनी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. घरमालक काका दोन पावलं मागे सरकले.

पहिल्या चार-पाच फेऱ्या मी घाबरत घाबरत केल्या. आधी थोडं पाणी आणि खडी, मग सिमेंट, मग रेती, मग परत पाणी, दोन मिनिटं फिरू द्यायचं, आणि मग चाक फिरवून ड्रम कलता करायचा की माल खालच्या पत्र्यावर ओघळतो. पाणी जास्त झालं की माल पळतो, कमी झालं की ढेकळं होतात. पप्पा बाजूला उभे राहून नुसतं एक बोट वर किंवा खाली करायचे. दहा वाजेपर्यंत ते बोटसुद्धा करायचे थांबले. माझ्या हातांनाच कळायला लागलं. घमेली हातोहात शिडीवरून वर चालली होती. बायका 'चल ग, चल ग' करत होत्या. ड्रम फिरत होता आणि तो फिरतोय की मी फिरतेय, हे मला कळेनासं झालं होतं. वरून मुकादम ओरडला, "ताई, जरा दम खा, आम्हाला पोचू द्या." मला वाटलं, आता आयुष्यात कुठेही इंटरव्ह्यूला जायचं नाही.

साडेअकराच्या सुमाराला रबर जळल्याचा वास आला. मी पप्पांकडे बघेपर्यंत फाट्‌कन आवाज झाला. काळा सापासारखा एक पट्टा उडाला आणि बाजूच्या शेवग्याच्या झाडावर जाऊन लोंबकळायला लागला. दोन पट्ट्यांवर मिक्सर चालायचा. एक तुटला, आणि जाताना दुसऱ्यालाही उसवून गेला. इंजिन रिकामंच धडधडत राहिलं. ड्रम थांबला.

पप्पांनी इंजिन बंद केलं. "पट्टे काढ पिशवीतले."

मी पिशवी उघडली. पिशवीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, नटबोल्टचे पाने, चिंध्या. पट्टे नव्हते. मग मला आठवलं. डबा नीट बसेना म्हणून मी पट्टे पिशवीतून काढून दारामागच्या खिळ्याला लावले होते, आणि डबा बसल्यावर परत ठेवायचे ते विसरले होते. सकाळपासून चढलेला सगळा माज क्षणात उतरला. मी म्हटलं, "पप्पा, घरी राहिले."

ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त झाडावरचा तुटका पट्टा ओढून काढला आणि त्याची लांबी दोन हातांत धरून बघायला लागले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मुकादम खाली आला. "भाऊ, अर्धा स्लॅब पडलाय. कडा सुकली की सांधा राहणार, आणि सांध्यातून पाणी गळणार. तासाच्या आत माल वर आला पाहिजे."

"बाजारात जाऊन यायला?" पप्पांनी विचारलं.

"रिक्षा मिळाली तरी जाऊन-येऊन तासावर. आणि हाच नंबर मिळेल कशावरून?"

त्याने चार माणसांना पत्र्यावर हाताने माल कालवायला लावलं, निदान कडा ओली राहावी म्हणून. घरमालक काका माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते बघत नव्हते हेच मला लागत होतं. इंजिन बंद झाल्यामुळे आजूबाजूला एकदम शांतता झाली होती. त्या शांततेत मला गावातून एक आवाज ऐकू आला. फट फट फट फट, एका लयीत. पिठाची गिरणी.

मी म्हटलं, "पप्पा, गिरणीला पट्टे असतात."

पप्पांनी मान वर केली. मग आम्ही दोघं पळालो. माझे पप्पा पळतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गिरणी तीन गल्ल्या सोडून होती. एका खोलीत जातं, मोटार, आणि भुवयांपर्यंत पीठ बसलेल्या एक मावशी. दारात चार बायका डबे घेऊन बसलेल्या. पप्पा कुणाशी न बोलता थेट चाकाजवळ गेले आणि खाली वाकले. मोटारीपासून जात्यापर्यंत तीन पट्टे फिरत होते.

"ओ, हात घालशील नको," मावशी ओरडल्या. "बोटां जातील."

पप्पांनी हात जोडले. "ताई, एक मिनिट मशीन बंद करा. मला पट्ट्याचा नंबर वाचायचाय."

मावशींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बटण दाबलं. पप्पांनी पट्ट्यावरचं पीठ अंगठ्याने पुसलं. "जाडी तीच," ते मला म्हणाले. मग दोरीने माप घेतलं, तुटक्या पट्ट्याला लावलं. "थोडा लांब आहे. इंजिन मागे सरकवता येईल. चालेल."

मग मी मावशींना सगळं सांगितलं. स्लॅब अर्धा पडलाय, पट्टा तुटला, जादाचे मी घरी विसरले, दोन पट्टे चार-पाच तासांसाठी द्याल का.

मावशी म्हणाल्या, "पट्टं दिलं त मी दलू कशावं, बाय? एक वाजता लाईट जातंय. तवर ह्यांचा दलन व्हाया पायजे."

दारातल्या बायकांपैकी एक म्हणाली, "दे ग, माजा उद्या दलंस तरी चालंल." दुसरीनेही मान हलवली. तिसरीने नुसता डबा बाजूला सारला. मग चौथी उभी राहिली. तिच्याजवळ सगळ्यांत मोठा डबा होता, तांदळाने भरलेला.

"माजा नाय थांबनार," ती म्हणाली. "ह्ये त्या स्लॅबच्याच लोकांच्या भाकरीचा पीठ हाय. पंचवीस मानसांचा जेवान हाय, आनि मना त्यांच्या घरच्या काकीनं पीठ आनाया धारलंय."

पट्टे दिले तर भाकरी नाही, नाही दिले तर स्लॅब नाही. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि कसं कोण जाणे, दोघींना एकदमच हसू आलं. हसण्याची ती वेळ नव्हती. पण मावशींच्या भुवयांवरून पीठ गळायला लागलं आणि मला आवरेना.

पप्पा हसत नव्हते. ते जात्याकडे बघत होते. "तीन पट्टे आहेत," ते म्हणाले. "दोन मला द्या. एकावर जातं चालेल. फक्त दाणे मुठीमुठीने टाका."

"एका पट्ट्यावर जातं रडंल माजा."

"रडू दे. थांबणार नाही."

मावशींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "काढ. पन लाईट गेली का मी येतंय तिकडं. माज्या पट्ट्यावं माजा लक्ष पायजे."

पप्पांनी पाच मिनिटांत दोन पट्टे उतरवले, उरलेला ताणून बसवला. गिरणी हळू आवाजात कण्हत सुरू झाली. आम्ही दोन पट्टे गळ्यात हारासारखे घालून परत पळालो.

साइटवर पप्पांनी इंजिनाचे चार बोल्ट सैल केले. दोन कामगारांनी टेकू लावून इंजिन मागे ओढून धरलं, पट्टे ताणले, बोल्ट आवळले. सगळे भोवती उभे. मी हँडल मारलं, कळ सोडली, आणि पट्ट्यांनी वेग घेतला. वर्षानुवर्षं त्यांत मुरलेलं पीठ एका झटक्यात बाहेर उडालं. पांढरा ढग आला. मी, पप्पा, मुकादम, घरमालक काका, सगळे भुतासारखे पांढरे झालो. मग घमेल्याच्या रांगेतली एक बाई हसायला लागली, तिला बघून दुसरी, आणि ते हसणं शिडीवरून वर स्लॅबपर्यंत गेलं. काकांनी मिशीवरचं पीठ झाडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालव, चालव." तेही हसत होते.

आम्ही निघाल्यापासून पाऊण तास झाला होता. मुकादमाने वरून ओरडून सांगितलं की कडा अजून ओली आहे. मग जे काम सुरू झालं ते मी अजून विसरले नाही. गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून सगळ्यांच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. ड्रम भरतोय, रिकामा होतोय, परत भरतोय. मधूनच कुणाच्या तरी केसांतून पिठाची रेघ खाली यायची आणि परत हशा व्हायचा.

एक वाजता वीज गेली, आणि दहा मिनिटांनी मावशी आल्या. मागे त्या चारही बायका. भाकरीचं पीठ दळून झालं होतं. मावशींनी एक घमेलं उपडं घातलं आणि पट्ट्यांपासून चार हातांवर राखणीला बसल्या. पण त्यांना बसवेना. थोड्या वेळाने त्या उठून ड्रमजवळ आल्या, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "पानी कमी झाला ह्याच्यान."

मी ड्रममध्ये डोकावले. खरंच माल कोरडा होता.

"तुम्हाला कसं कळलं?" पप्पांनी विचारलं.

"आवाजावरना. जाड दलन असलं का जातंबी असाच करतंय."

पप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून मावशींच्या हातात दिला, टोक बेअरिंगवर टेकवायला लावलं आणि मूठ कानाशी धरायला सांगितली. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. मग दोघांची बेअरिंग, पट्टे आणि आवाज ह्यांवर जी चर्चा सुरू झाली ती संपेना. माझे पप्पा इतकं बोलताना मी वर्षभरात पाहिले नव्हते. मावशींचं बोलणं निम्मं त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांचं मावशींना. त्याने काही अडलं नाही.

शेवटी मावशी मला म्हणाल्या, "मना दे बगू जरा." मी बाजूला झाले. त्यांनी पदर खोचला, चाकाला हात घातला आणि ड्रम असा अलगद कलता केला की एक थेंब इकडेतिकडे उडाला नाही. घमेल्याच्या रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. मग आम्ही आळीपाळीने चालवलं, एक फेरी त्यांची, एक माझी. मुकादम वरून विचारायचा, "आता कोणाचा माल येतोय?" आणि आम्ही दोघी म्हणायचो, "चांगला येतोय ना, मग घे."

चार वाजून गेल्यावर शेवटचं घमेलं वर गेलं. मुकादमाने फळी फिरवून कड सारखी केली आणि हात वर केले. खाली सगळे उगाचच एकमेकांचे खांदे थोपटत होते. जेवायला बोलावणं आलं, पण पप्पा हलेनात. "आधी मशीन." ड्रममध्ये खडी आणि पाणी टाकून आम्ही तो दहा मिनिटं फिरवला, रिकामा केला, परत स्वच्छ पाण्याने फिरवला. मी ब्रशने दाते घासले. पप्पांनी पट्टे उतरवून कोरड्या फडक्याने पुसले आणि मावशींना परत दिले. मावशींनी ते तपासून घेतले, अगदी बोट फिरवून.

"पीठ सगला गेला ह्यांच्यातला," त्या म्हणाल्या. "आता नवं वाटतान."

जेवणात सुकटीचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी होत्या. भाकरी इतक्या मऊ की काकांच्या आई परत परत विचारत होत्या, पीठ कुठून आणलं. ती मोठा डबावाली बाई म्हणाली, "एका पट्ट्यावं दललंय, म्हनून बारीक पडलंय." मावशींनी फक्त आणखी एक भाकरी घेतली. घरमालक काका पप्पांशेजारी बसले होते. वाढताना त्यांनी माझ्या ताटात स्वतः कालवण वाढलं आणि विचारलं, "वरचा मजला टाकू तवा येशील ना?" मी तोंडात घास असल्यामुळे नुसती मान हलवली.

वीज आल्यावर आम्ही गिरणीत जाऊन पट्टे बसवून दिले. पप्पांनी जाता जाता मोटारीच्या बेअरिंगला ग्रीसही दिलं. परत येताना टेम्पोच्या मागे मिक्सर हेलकावत होता आणि आम्ही दोघं टेम्पोत पाय पसरून बसलो होतो. मी म्हटलं, "पप्पा, मी पट्टे घेतले म्हणाले होते. बघितलं नव्हतं."

"मी पण पिशवी उघडून बघितली नाही," ते म्हणाले. "फिटर मी आहे."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मला ती मावशींच्या जात्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली, जणू मी तिथे नव्हतेच. अंबरनाथ येईपर्यंत सांगत होते. मी मध्ये मध्ये 'हो का' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात खांद्याच्या वर जाईनात. केस विंचरता येईनात म्हणून आईसमोर जमिनीवर बसले. आई फणी फिरवत होती आणि फणीला पीठ आणि सिमेंट ह्यांचे छोटे छोटे गोळे लागत होते. "हे काय डोक्यात थापलंयस," ती म्हणत होती, आणि मला खांदे दुखत असतानाही हसू येत होतं. एवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांच्याकडे फोन आला होता, खरवईच्या मुकादमाचा. बदलापुरातच कात्रपला एक स्लॅब होता, दुसरा तिथेच जवळ. काकू म्हणाल्या, "विचारतोय, ती मशीनवाली ताई येणार का? नुसते भाऊ येणार असतील तर नको म्हणतोय."

पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि परत पेपर वर केला. पेपर हलत होता, म्हणजे ते आत हसत होते.

आईच्या हातात माझी अर्धी वेणी होती. ती सोडवून घेऊन मी फोनकडे पळाले.